गोदामाची नोकरी सांगितली, हातात खादिमचा व्हिसा दिला

कुवेतला जाणाऱ्यांनी आधी दोन आकडे पाठ करावेत. कलम 18 म्हणजे खासगी कंपनीचा व्हिसा. तिथले आपले लोक त्याला ‘शून’ म्हणतात. कलम 20 म्हणजे घरकामाचा, ‘खादिम’. स्वयंपाकी, घरचा ड्रायव्हर, मोलकरीण यांच्यासाठीचा. खादिमवर गेलेल्याने ज्या कफिलाच्या, म्हणजे व्हिसा काढून देणाऱ्या तिथल्या मालकाच्या, नावावर व्हिसा आहे त्याच्याच घरी राबायचं. दुसरीकडे काम करताना सापडला तर ठसे घेऊन परत पाठवतात, म्हणजे पुन्हा जाण्याचा रस्ताही बंद.

मला मुंबईत दाखवलं होतं ते गोदामातल्या स्टोअरकीपरचं काम. पगार 150 दिनार, राहणं कंपनीचं. एजंटाच्या ऑफिसात भिंतीवर गणपती होता, शेजारी काबेचा फोटोही. गिऱ्हाईक कुठलंही येवो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “दहावी झालीय ना?” मला वाटलं शिक्षण बघतोय. तो बघत होता पासपोर्ट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी’ असं, असतं, आणि कुवेतला निघण्याआधी त्यांचे कागद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडे मंजुरीला जातात. माझ्यासारख्या दहावी झालेल्या ईसीएनआरवाल्याला ती मंजुरी लागत नाही. कोणी सरकारी माणूस करारावर नजर टाकणार नाही, एवढंच त्याला हवं होतं.

मागितले दीड लाख, तेही रोख. परवाना असलेल्या एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे 35,400 पर्यंतच घेता येतात आणि पावती द्यावीच लागते. पावतीचं काढलं तर म्हणाला, “अहो, पावती केली की टॅक्स लागतो, तो तुमच्याच खिशातून जाणार ना?”

ऑफर लेटर झकास होतं. इंग्रजी, रंगीत लेटरहेड, गोल शिक्का. व्हिसाचा कागद मात्र विमानाच्या आदल्या संध्याकाळी हातात पडला, आणि त्यातला कामाचा मजकूर सगळा अरबी.

कुवेतला पोचल्यावर फर्वानिया भागातल्या खोलीवर राजापूरचे एक चाचा होते. त्यांनी चष्मा वर सरकवून कागद वाचला आणि हसायलाच लागले. “अरे, मालकाच्या जागी कंपनी कुठाय? माणसाचं नाव आहे. आणि तू घरचा ड्रायव्हर आहेस.” मला धड स्कूटर चालवता येत नाही! त्या कफिलाचं तोंड मी कधी पाहिलं नाही. काम लावलं शुवैखच्या एका गॅरेजात, टायर उचलायचं, 80 दिनारांवर. तपासणीवाले आले की मागच्या दाराने पळायचं. सोडून जावं तर कफील ‘पळून गेला’ अशी नोंद करणार, ही धमकी होतीच.

एजंटाला फोन केला की एकच पालुपद: “थांबा हो, सहा महिन्यांत ट्रान्सफर होतो.” हे कुठून आलं तेही चाचांनीच सांगितलं. 2024 साली 14 जुलै ते 12 सप्टेंबर या काळात कुवेतने 20 वरून 18 वर जायची मुभा दिली होती, तीसुद्धा कफिलाची संमती आणि त्याच्याकडे किमान एक वर्ष पूर्ण असेल तरच. खिडकी कधीच बंद झाली, पण एजंट अजून ती उघडी असल्याचं सांगून माणसं पाठवतात.

शेवटी चाचांनी मध्यस्थी करून कफिलाकडून अकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द करून घेतला. तिकीट माझं. (पैसे घेऊन व्हिसा विकणं कुवेतच्या 2024 च्या निवास कायद्यातही गुन्हा आहे, पण टायरच्या ढिगाऱ्यात बसून तक्रार कोण करणार?)

जाणाऱ्याने पैसे देण्याआधी व्हिसाची प्रत मागावी. कलम कुठलं, मालक कंपनी की माणूस, हुद्दा काय, एवढं वाचून घ्यावं. कोकणात कुठल्याही मदरशातले मौलाना पाच मिनिटांत वाचून देतील. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटच्या यादीत पाहावा आणि त्यापुढचं नाव-पत्ताही जुळवावा. आमच्या एजंटाच्या पाटीवरचा क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच कोणाचा.

परवान्याशिवाय परदेशी भरती करणं 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा आहे. मी पोलिसांत अर्ज दिल्यावर एजंटसाहेबांनी 60 हजार परत केले, रोख. आणि ते मिळाल्याची पावती मात्र माझ्याकडून सही-अंगठ्यासकट लिहून घेतली.