घरचा केक आणि बेकरीची भट्टी

पुण्याच्या लष्कर भागातील ज्या बेकरीविषयी लिहीत आहे, तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तेथील डिसेंबरची रांग आधीच फुटपाथवर आलेली असते आणि ती माझ्यामुळे आणखी वाढलेली मला परवडणार नाही. वर्षभर पाव, बटर, खारी विकणारी ही बेकरी नाताळच्या आधीचे आठ-दहा दिवस दुपारच्या वेळी आपली भट्टी लोकांसाठी मोकळी करते. आपण घरी कालवलेले केकचे मिश्रण डब्यांत भरून न्यायचे, किलोमागे ठरलेले पैसे द्यायचे आणि भाजलेला केक संध्याकाळी घरी आणायचा. दिवाळीत नानकटाईचे सामान घेऊन बेकरीत ताटकळलेल्या पिढीला ही पद्धत नवीन वाटणार नाही.

भाजणीबद्दल आधी सांगतो, कारण पैसे त्याचेच घेतले जातात. पहाटेचे पाव निघाल्यावर येथे लाकूड घालणे थांबवतात आणि पावाला लागणारी कडक आच ओसरू देतात. त्या उतरत्या उष्णतेत सुक्यामेव्याचा जड केक दीड-दोन तास सावकाश भाजला जातो. वरचा भाग करपत नाही आणि मध्ये कच्चेपणा राहत नाही. घरच्या लहान ओव्हनमध्ये 160 अंशांवर हेच साधते, परंतु चार किलो मिश्रणासाठी तो तीनदा लावावा लागतो. भट्टीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात गेलेल्या डब्याचा केक मात्र बुडाला हमखास लागतो आणि तक्रार केल्यास ‘खरवडून टाका’ एवढेच उत्तर मिळते. बसायला एकच बाक आहे, पावती मिळत नाही, आणि डब्याची ओळख पटावी म्हणून त्यावर कणकेच्या खळीने चिकटवलेली कागदाची चिठ्ठी उष्णतेने गळून पडते.

एवढे असूनही पाच वर्षांपासून मी तेथेच जातो. आमचे घर मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती; नाताळात आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळी असा सगळा फराळ होतो आणि केक त्याच्या शेजारी बसतो. आईला रमचा थेंब चालत नसे, म्हणून मनुका, खजूर आणि संत्र्याची साल आम्ही तीन दिवस संत्र्याच्या रसात भिजवतो, जे माहितगारांना पाखंड वाटेल. साखर जाळण्याचे काम वडिलांचे, कारण घरभर धूर झाल्यावर बोलणी खायची त्यांची तयारी असे. आई गेली त्या वर्षी आम्हा भावंडांना एकमेकांसाठी खरेदी करण्याचा धीर झाला नाही. त्याआधीची काही वर्षे बंगळूर आणि दुबईहून खोकी येत, व्हिडिओ कॉलवर ती फोडली जात आणि पाच मिनिटांत नाताळ संपून जाई. भेटवस्तू बंद केल्यावर त्या दिवशी करायचे काय, हा प्रश्न पहिल्यांदाच आमच्यासमोर उघडा पडला. तेव्हा आत्या म्हणाली, ‘वहिनीचं पातेलं काढा आणि बेकरीत चला.’

भेटी देण्याला शास्त्राधार म्हणून बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचे, म्हणजे ज्ञानी ज्योतिष्यांचे, सोने, ऊद आणि गंधरस दाखवले जातात. पण ती कथा बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली. लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा नसल्यामुळे बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते आणि त्याला पाहायला येतात ते रात्री कळप राखणारे मेंढपाळ. त्यांनी काही आणल्याचा उल्लेख नाही. ते आले, त्यांनी पाहिले, ऐकलेले सांगितले आणि ते परत गेले. बेकरीच्या बाकावर बसून, रात्रभर पाव भाजून लाल झालेल्या डोळ्यांनी आमचे डबे लांब दांडीच्या लाकडी फावड्यावर घेणाऱ्या भट्टीवाल्या चाचांकडे पाहताना मला मत्तयापेक्षा लूकच जवळचा वाटतो.

त्या बाकावर दोन तास काढणे हा या सेवेचा खरा भाग आहे, जरी दरपत्रकात तो नाही. गोव्याकडच्या बायका, आमच्यासारखे नगरकर, नातवासाठी केक करायला शिकलेल्या सदाशिव पेठेतल्या एक आजी, असे सगळे भट्टीकडे डोळे लावून बसतात आणि बेकरीतला मुलगा न विचारता सर्वांना चहा देतो. याच शहरात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले होते, हे त्या आजींना ठाऊक होते. त्यांनीच ते मला हसत सांगितले आणि दुसरा कप मागितला. दुकानातून आणलेल्या केकमध्ये हे दोन तास मिळत नाहीत. मला आईविषयी अनोळखी माणसांशी बोलता आले, तेही पहिल्यांदा तेथेच. तुमच्या केकला रंग इतका काळा कसा येतो, असे कोणीतरी विचारले आणि साखर जाळण्यापासून सुरुवात करावी लागली.

तिसऱ्या वर्षी चिठ्ठ्या गळाल्या आणि आमचा एक डबा बदलला गेला. घरी आल्यावर कापलेल्या केकमध्ये काजू, सुंठ आणि स्पष्टपणे रम होती. मी धावत परत गेलो, पण आमचा डबा नेणारे कोणी फिरकले नाही. शेवटी तो केक आम्हीच खाल्ला. तो आमच्यापेक्षा बरा झाला होता, हे आत्याला आजही कबूल नाही.

लाकडाची भट्टी किती वर्षे टिकेल, सांगता येत नाही. मुंबईत 2025 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बेकऱ्यांना लाकूड आणि कोळसा सोडण्याची मुदत घालून देण्यात आली, आणि तेथील हवा पाहता त्याविरुद्ध बोलणे मला कठीण वाटते. गॅसवरही केक भाजला जाईल. बाक तेवढा ठेवावा, अशी मालकांना विनंती आहे.

जाणाऱ्यांनी 22 तारखेच्या आत, दुपारी दोनला पोहोचावे, डबा तीन-चतुर्थांशच भरावा आणि चिठ्ठीवर विसंबू नये. आमचे बाकीचे डबे आता खुणेच्या तारेने बांधलेले असतात. आईचे पातेले मात्र कधीच चुकले नाही. तिच्या मामांनी ते लग्नात दिलेले असल्यामुळे त्याच्या काठावर देणाऱ्याचे आणि घेणारीचे अशी दोन्ही नावे ठोके मारून कोरलेली आहेत.