१०८ पीसचा पाना सेट घेतला अन् स्वतःचाच मामा करून घेतला

लिहू का नको यातच आठ दिवस गेले. बायको म्हणाली, अहो कशाला चव्हाट्यावर मांडताय, लोक हसतील. हसू द्या. ३,४९९ रुपये गेले, हाताला तीन टाके पडले अन् ऐन मिरगाच्या तोंडावर ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला, एवढं झाल्यावर हसण्याला कोण भेतंय आता.

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बीएस्सी झालोय. अंबड तालुक्यात शेती आहे, चार एकर मोसंबी आहे, अन् ट्रॅक्टर-रोटाव्हेटर भाड्यानं चालवतो. लिंक-बिंक कधी उघडत नाही, केवायसीचे फोन आले तर उलट त्यांचीच गंमत करतो, गावातल्या दोघांना मी स्वतः बँकेत नेऊन त्यांचे पैसे वाचवलेत. म्हणून तर जास्त जळतंय. फसवणूक म्हणलं की आपल्याला फोनवरचा कुणीतरी आठवतो. इथं तर चकाचक एसी दुकान, ट्रॉली, कॉम्प्युटरचं बिल, दारात सलाम ठोकणारा गार्ड. तिथं काय शंका घेणार माणूस?

झालं असं की आखाजीच्या टायमाला संभाजीनगरला साडूकडं गेलो होतो, येताना पोरगी म्हणाली पप्पा त्या मोठ्या दुकानात जाऊ. कोणतं ते नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तिथं हत्यारांचा एक अख्खा रॅक. समोरच लाल पाटी, १०८ पीस टूल सेट, क्रोम व्हॅनेडियम स्टील, लाइफटाइम वॉरंटी, एमआरपी ८,९९९, ऑफर ३,४९९ फक्त. पेटी उघडून बघतो म्हणलं तर पोरगा म्हणाला सर सील तोडता येत नाही, आत सगळं ब्रँडेड आहे. पेटीवर नाव जुनं, ओळखीचं, आमच्या लहानपणापासून ऐकलेलं. आता कळतंय की नाव एकाचं, माल दुसऱ्याचा अन् पेटी तिसऱ्याची असं सर्रास चालतं.

लाइफटाइम वॉरंटीवर मी का भुललो तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हावरट आहे. साडूचा पोरगा अमेरिकेत असतो, त्यानं मागं सांगितलं होतं की तिकडं सीअर्स म्हणून मोठी दुकानं होती, त्यांचा क्राफ्ट्समन नावाचा हत्यारांचा ब्रँड पार १९२७ पासूनचा, पाना तुटला की पावती पण न विचारता नवा हातात द्यायचे. ते माझ्या डोक्यात बसलेलं. पुढचं त्यानं सांगितलं ते मी फसल्यावर, की ती कंपनी २०१८ ला दिवाळखोरीत गेली अन् तो ब्रँड त्याच्या आधीच, २०१७ ला, दुसऱ्याला विकून झाला होता. आधी सांगायला काय झालं होतं लेका.

आता तो क्षण. रात्री झोपताना अजून आठवतो. पेटी हातात घेतली अन् किमतीवर अंगठा फिरवला तर तिथं जाडसर लागलं. स्टिकरवर स्टिकर. कोपरा जरासा उचकटलेला पण होता, नखानं ओढला असता तर निघाला असता. माझा अंगठा त्या कोपऱ्यावर होता, देवाशप्पथ, अन् मी काय केलं? तो कोपरा दाबून नीट चिकटवला. दुकानाचा माल खराब दिसू नये म्हणून! संस्कार बघा माझे.

दुसरी खूण त्याच मिनिटाला. पोरीनं पेटी एका हातानं उचलून ट्रॉलीत ठेवली. अकरा वर्षांची पोरगी. १०८ नग लोखंड अन् पोरगी एका हातानं उचलती, अन् बाप कौतुकानं म्हणतो, शाब्बास, ताकद आली बरं का.

घरी येऊन मोजलं. १०८ म्हणजे जपमाळेचे मणीच. त्यातले ५८ निव्वळ स्क्रू ड्रायव्हरचे बिट, करंगळीच्या पेरा एवढे, त्यातल्या निम्म्या आकाराचे स्क्रू मी जन्मात बघितले नाहीत. ९ एलन की, २४ गोट्या (बोल्टवर बसणारे सॉकेट), पाने फक्त ८, बाकी रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा), एक्स्टेंशन, पक्कड, एक मेजर टेप असं किडूकमिडूक. म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचं म्हणाल तर पस्तीसेक नग. बिट काढून मोजा, मग सेट केवढ्याचा ते ठरवा.

आप्पांनी विचारलं केवढ्याला आणलं. मी म्हणलं पंधराशे. आप्पांनी १९ नंबरचा पाना उचलला, हातात दोनदा वर-खाली केला अन् काही न बोलता ठेवून दिला. त्यांच्याकडं १९८६ साली ट्रॅक्टर घेतला तेव्हाचे पाने अजून आहेत, काळे पडलेत, कुठं चकाकी नाही, पण नंबर असा खोल ठोकलेला की अंधारात बोटानं वाचता येतो. माझ्या नव्या पान्यावर नंबर नुसता छापल्यासारखा, बरं का, पहिल्याच ग्रीसच्या हातानं अर्धा पुसला. तरी मी तेच जुने पाने गोणीत बांधून वर माळ्यावर टाकले होते.

जूनमध्ये पाऊस पडला अन् रोटाव्हेटरची पाती बदलायला बसलो. पहिल्या दोन बोल्टला नवा पाना चालला. तिसरा जरा जाम होता, जोर लावला तर पाना सटकला, बघतो तर तोंड फाकलेलं. नुसतं डोळ्यानं दिसत होतं, बोल्ट घातला तर आत लुडबुड करायचा. बोल्टचे कोपरे मारून गोल झाले ते वेगळंच. म्हणलं जाऊ दे, गोटी लावून रॅचेटनं काढू. गोटी बसली, रॅचेट ओढलं, अन् कट् आवाज आला अन् हात सरळ पात्याच्या धारेवर. तीन टाके, इंजेक्शन, ९०० रुपये.

रॅचेटचं डोकं दोन तुकडे. तुटलेली जागा बघितली तर आत राखेच्या रंगाचे दाणे, खडीसाखर फोडल्यावर दिसते तसे, अन् वरचा क्रोम कांद्याच्या सालीसारखा सुटलेला. पोराच्या जुन्या स्पीकरचा चुंबक लावून बघितला तर त्या तुकड्याला चिकटेचना. म्हणजे स्टील तर सोडाच, लोखंडच नव्हतं, जस्ताचं ओतलेलं काहीतरी. (पाने मात्र चुंबकाला चिकटत होते, म्हणून चुंबक चिकटला म्हणजे माल चांगला असं समजू नका, पत्र्याच्या डब्याला पण चिकटतो.) पान्यावर कानस मारली तर भसाभस कीस निघाला. नीट तापवून पाणी दिलेल्या पान्यावर कानस अशी सहज खात नाही. अन् क्रोम व्हॅनेडियम हे अक्षर काय, ठसा असला की कुणीही ठोकतं.

आमच्या जालन्यात सळईच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात, बाहेरगावचे लोक लोखंड घ्यायला इथं येतात, अन् मी लोखंडात फसलो.

वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडं रोटाव्हेटर नेलं तर तो म्हणाला, "मालक, हे काहून आणलं? हे लोखंड नाही, चॉकलेट हाये." गोल झालेले बोल्ट गॅसनं कापायचे ६५० घेतले, अन् आता कापतोच तर एका बाजूचे सगळे बदला म्हणून नवे १८ बोल्ट, २५ प्रमाणे ४५० झाले. दोन दिवसांत आठ एकर ठरलेलं होतं, एकरी १,४०० धरा, ते ११,२०० गेले, गिऱ्हाईक दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडं गेलं.

त्या रात्री पोरीनं पेटीवरच्या स्टिकरला खोबरेल तेल लावलं अन् हळूच सोललं. ८,९९९ च्या खाली छापील एमआरपी २,२९०. सगळे कर धरून. म्हणजे ऑफरमध्ये, सवलतीत, लाल पाटीखाली मी छापील किमतीपेक्षा १,२०९ रुपये जास्त मोजून आलो होतो. पोरगी माझ्याकडं बघत होती अन् मी भिंतीकडं.

इथून पुढं तर अजून मजा. पावती काढली तर पांढरी फटक. ती थर्मल कागदाची असते, मी ती ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवलेली, उन्हानं सगळी अक्षरं उडून गेलेली. बिल हातात पडलं की तिथंच फोटो मारा, घरी जाऊन नाही. मोटारसायकलवर दुकानात गेलो. काउंटरवरची पोरगी गोड बोलली, सर सिस्टिममध्ये तीस दिवसांचंच दिसतं. मग मॅनेजर आला, म्हणे रॅचेट कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून झिजणाऱ्या मालात येतं, अन् लाइफटाइम म्हणजे प्रॉडक्टचं लाइफटाइम, तुमचं नाही. असं तोंडावर म्हणाला राव. पेटीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तेच लिहिलंय, वर लाइफटाइमच्या डोक्यावर एक बारीक चांदणी आहे ती तिकडं बोट दाखवती. चांदणी दिसली की पेटी उलटी करा.

कंपनीच्या टोल फ्रीवर चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. मग बाई म्हणाली सर तक्रार नोंदवायला ओटीपी आलाय तो सांगा. मी, जो गावाला शिकवतो, मी सांगितला. दोन मिनिटांत मेसेज, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, धन्यवाद. तो ओटीपी तक्रार बंद करायचा होता! मेसेजमध्ये खाली लिहिलेलं पण होतं, चष्मा नव्हता जवळ.

ग्राहकांच्या हेल्पलाइनला लावलं. त्यांनी ती कंपनीकडं पाठवली, कंपनीनं कळवलं की ग्राहकानं समाधान व्यक्त केलंय, झालं, निकाली. मग म्हणलं किमतीचं तर उघड आहे, स्टिकरवर स्टिकर, हे वजनमापे खातं तरी धरील. कायदा काय म्हणतो बघा, किंमत कमी करायची असेल तर स्टिकर चालतं, पण तेव्हाही कंपनीनं छापलेली मूळ एमआरपी झाकायची नाही. इथं झाकली, वरून चौपट दाखवली. त्या खात्याच्या ऑफिसला गेलो. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी साहेब होते पण जेवायला, अन् ते जेवण पावणेचारपर्यंत चाललं, बाहेर बाकावर बसून मी अन् एक पेट्रोलपंपाची तक्रार घेऊन आलेले म्हातारे काका, दोघांनी एकमेकांच्या कागदांच्या घड्या घातल्या अन् उलगडल्या. साहेबांनी पेटी बघितली, पोरीनं सोलून कागदावर चिकटवलेलं स्टिकर बघितलं अन् म्हणाले, हे स्टिकर तुम्हीच लावलं नाही कशावरून? सील असताना आणायला पाहिजे होतं. मी म्हणलं साहेब सील न तोडता स्टिकरच्या खालचं मला कसं दिसणार होतं? तर म्हणाले, वाद घालू नका, अर्ज आवकला द्या. आवकवाला म्हणाला झेरॉक्स तीन प्रती. झेरॉक्सवाल्याकडं लाईट नव्हती. पोलीस स्टेशनात हवालदार हाताचे टाके बघून हळहळला अन् म्हणाला, हे दिवाणी आहे भाऊ, आमच्याकडं येत नाही. सगळ्यांकडं खुर्ची आहे, टेबल आहे, शिक्का आहे, अन् ज्याच्याकडं जावं तो दुसऱ्याच्या दाराकडं बोट करतो.

सगळा हिशेब लिहून ठेवलाय. ३,४९९ सेट, ६५० गॅस, ४५० बोल्ट, ९०० डॉक्टर, ११,२०० भाडं, ७०० पेट्रोल. १७,३९९.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः अर्ज लिहून दिला. हे लक्षात ठेवा, २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठंही असो. माल पाच लाखाच्या आतला असेल तर फी नाही, वकील लागत नाही, अन् मुदत दोन वर्षांची आहे. मला हे सांगणारा एकही साहेब भेटला नाही, मोसंबीच्या बागवानाच्या पोरानं सांगितलं.

पावती उडाली तरी खरेदीचा पुरावा निघाला तो असा, मी यूपीआयनं पैसे दिले होते, बँकेच्या उताऱ्यात तारीख अन् रक्कम दोन्ही होती. मॅनेजरला तेव्हा हे सुचू दिलं नाही देवानं, मलाही नाही.

अन् हत्यार घ्यायला जाल तेव्हा खिशात एक नवा बोल्ट टाकून जा. पाना त्यावर चढवून हलवून बघा, लुडबुडला की ठेवून द्या. उघडून दाखवत नाही म्हणाला की बाहेर या. पेटीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता अन् बाहेरचा माल असेल तर देश लिहिलेला पाहिजे, माझ्या पेटीवर नुसतं मार्केटेड बाय होतं. आमच्या इथल्या हार्डवेअरवाल्याकडं जालंधरचे आठ पाने १,१५० ला होते, तेव्हा मीच म्हणालो होतो याला काय कळतं, हा तर पक्कं बिल पण देत नाही. बिल मागितलं की देतो, विचारून बघितलं मी नंतर.

पेटी तेवढी मजबूत निघाली, बायकोनं त्यात शिलाई मशीनचे रीळ ठेवलेत. पाने मी माळ्यावरून आप्पांचेच उतरवले. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, मागच्या वेळी समोरच्या वकिलानं मुदत मागितली. तुटलेलं रॅचेट पोरीच्या जुन्या टिफिनच्या पिशवीत घालून नेतो, आप्पांना सांगतो मोसंबीच्या भावाचं बघायला मार्केटला चाललोय. त्यांच्या हिशेबात तो सेट अजून पंधराशेचाच आहे.