पाट्या रंगवणाऱ्याच्या नजरेतून ‘तिरो देवनागरी मराठी’

फाँटचं परीक्षण पेंटरानं लिहावं का, ते वाचून ठरवा. कोल्हापुरात २८ वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि माझे ब्रश माळ्यावर गेले. गेल्या दिवाळीत भाचा मोबाईल घेऊन आला. “मामा, गुळाची वेबसाइट काढलीय, जरा बघा की.” त्याचं गुऱ्हाळ आहे, गूळ थेट घरपोच पाठवायचा म्हणतो.

बघितली. गुळाचा रंग म्हणून सोनेरी अक्षरं, मागे साईसारखा पांढरट रंग. आत पंख्याखाली बसून छान दिसत होतं. मी त्याला म्हटलं, चल, दारात उन्हात उभा राहून वाच. निम्मी अक्षरं गायब. पाटी रंगवताना आम्ही आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायचो, कारण धावत्या एसटीतून दुकानाचं नाव वाचता आलं तरच गिऱ्हाईक पायरी चढणार. भाच्यानं मग सांगितलं की यालाही माप आहे. साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. त्याचं सोनेरी जेमतेम २ च्या आसपास भरलं. काकवीसारखा गडद तपकिरी घेतला तर १० च्या वर. रंग गुळाचाच राहिला, फक्त ढेपेचा नाही, काहिलीतला.

दुसरी खोड टेम्प्लेटची, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्याची. इंग्रजीसाठी केलेली, त्यामुळे मोठ्या मथळ्यात अक्षरा-अक्षरांत जागा सोडलेली. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषाच तुटते. ‘अस्सल सेंद्रिय गूळ’ हे उन्हानं पोपडे धरलेल्या पाटीसारखं दिसत होतं. ती जागा शून्य केली, रेघ जुळली. दोन ओळींतलं अंतर मात्र वाढवावं लागलं, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन टेकत होता. इंग्रजीला वर-खाली मात्रा नाहीत, टेम्प्लेटला त्याचं काय!

आता फाँट. भाच्याच्या साइटवर जो होता त्यात ‘अस्सल’ मधला ल दांडीचा, हिंदी वळणाचा. वाचता येतो, नाही असं नाही. पण मी आयुष्यभर पाकळीचा ल आणि देठाचा श काढला. ‘शंभर टक्के शुद्ध’ लिहिताना श चा देठ कुठून उचलायचा हे माझ्या उस्तादांनी हातावर पट्टी मारून शिकवलंय. गूगल फाँट्सवर शोधता शोधता ‘तिरो देवनागरी’ सापडला. त्याचे तीन वेगळे अवतार आहेत: हिंदी, मराठी आणि संस्कृत. मराठीवाल्यात ल पाकळीचा, श देठाचा, काही न सांगता आपोआप. फुकट आहे, धंद्याच्या कामालाही चालतो.

वळण जुन्या निर्णयसागरी टायपाचं. जावजी दादाजींच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याच्या पोथ्या ज्यांनी हाताळल्यात त्यांना लगेच ओळखू येईल. अक्षरांच्या पोटात मोकळी जागा भरपूर, त्यामुळे ष्ट, द्ध अशी जोडाक्षरं गुदमरत नाहीत. ‘गूळ’ मधला ळ तर मी पडद्यावर बोट फिरवून गिरवून बघितला. इतकं डौलदार ळ मला स्वतःला दहातून सहा वेळा जमायचं.

उणं काय? जाडी एकच. साधा आणि तिरपा, बस. ठळक हवा म्हणून भाच्यानं बोल्डचं बटण दाबलं, तर ब्राउझरनं आपल्या मनानं अक्षर फुगवलं. रंग ओघळल्यासारखी कडा. तसं करू नका. भाव, ‘मागवा’ची बटणं, फोन नंबर यांना आम्ही ‘मुक्ता’ लावला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा, तोही फुकट, सात जाड्यांत मिळतो, बारीक आकारातही स्वच्छ. त्याला पोथीचा डौल नाही, आणि बटणाला तो लागतही नाही. म्हणजे नाव तिरोत, काम मुक्तात. तिसरा फाँट घुसवायला मी दिला नाही. भाच्याला ‘काकवी’ या शब्दासाठी लोंबत्या थेंबांचा एक फाँट हवा होता. थेंब मीही रंगवलेत, रसवंतीच्या गाड्यांवर. तिथं शोभतात.

एक त्रास सांगून ठेवतो. देवनागरीच्या फाँटात जोडाक्षरांमुळे फाइल जड होते. गावाकडे रेंज कमी असली की पान आधी मोबाईलच्या साध्या अक्षरात उघडतं आणि मग तिरो येऊन बसतो, तेव्हा ओळी हलतात. दोन फाँटांवर थांबण्याचं तेही एक कारण.

माझ्याकडून पाचापैकी चार. एक गुण ठळक जाडी नाही म्हणून कापला. पोथ्या, मासिकं, मिठाईची, साड्यांची, गुळाची दुकानं यांनी डोळे झाकून घ्यावा. मोबाईल रिचार्जवाल्यानं सरळ मुक्ता.

पाटीच्या उजव्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव बारीक अक्षरात टाकायचा. भाच्यानं साइटच्या तळाशी माझं टाकलंय. तपकिरीवर तपकिरी, अजिबात वाचता येत नाही. उद्या फोन करून सांगणार आहे.