शवपेटी भाड्याने आणताना: भटजी न बोलावणाऱ्या घरासाठी

कोकणात मयत झालं की आधी मुंबईकरांचा हिशेब होतो. मुलगा रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरणार, तोवर थांबायचं. त्यासाठी आता बहुतेक तालुक्याच्या गावी काचेच्या झाकणाची, कॉम्प्रेसरवर चालणारी शवपेटी भाड्याने मिळते. कुठे रुग्णवाहिकावाल्याकडे, कुठे एखाद्या मंडळाकडे नुसत्या अनामतीवर. पेटी सगळ्यांना एकच, पण घराघरात तिचं काम बदलतं. दहावं-तेरावं करणाऱ्यांना पुढचे कितीतरी दिवस हाताला काही ना काही असतं: सुतक, पिंड, कावळ्याची वाट. विधी न करणाऱ्यांकडे निरोपाला एवढी एकच रात्र असते, आणि ती या काचेपाशी जाते. तेव्हा काच कशी आहे, झाकण कसं उघडतं, हे मोटरीइतकंच महत्त्वाचं.

पेटी दारात आली म्हणून लगेच देह आत ठेवू नका. ती रिकामीच अर्धा-पाऊण तास चालू ठेवून गार होऊ द्या. मृत्यूनंतर दोन-चार तासांत जबडा आणि मान आखडू लागते, उकाड्यात जरा आधीच. त्यामुळे पापण्या मिटवणं, हनुवटीखालून पट्टी बांधणं, हातपाय सरळ करणं पहिल्या तासातच उरकावं. मग अंग पुसा, आवडीचा सदरा किंवा लुगडं नेसवा, हात हातात घेऊन बसा. तेवढ्या वेळात काही बिघडत नाही. पेटीवाला घाई करतो, कारण त्याला पुढची वर्दी असते. त्याची घाई त्याच्यापाशी.

याच वेळात फोन करायचे. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं: पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पथकाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि चेहरा विद्रूप होत नाही. देहदान ठरलं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाला आधी विचारा, मुंबईकरांना नंतर सांगा. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन, एचआयव्ही किंवा कावीळ ब असेल तर देह घेत नाहीत, आणि मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला लागतोच. नकार आलाच तर लाकडं कुठून येणार हेही बघून ठेवा. मयताने हे सगळं लिहून ठेवलं असेल तर वाडीशी वाद घालावा लागत नाही. रत्नागिरीत 1924 ते 1937 स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी विद्युतदाहिनीची आणि श्राद्धविधी न करण्याची इच्छा लिहून ठेवली होती.

आता जागा. पेटी साधारण सात फूट लांब; जुन्या घराच्या उंबऱ्यावरून आत गेली तरी माजघरात वळत नाही. पडवी बरी, पण पावसाची झड येते तिथे नको. जमीन शेणाची असेल तर खाली फळ्या घाला, नाहीतर पाय रुततात, पेटी कलते आणि निचऱ्याचं पाणी नळीतून जायचं सोडून उलटं आत साचतं. कॉम्प्रेसरची गरम हवा बाहेर टाकणारी जाळीची बाजू भिंतीपासून हातभर लांब. पंधरा अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग असलेलं बोर्ड हवं. पंख्याच्या बोर्डावरून ओढलेली वायर तापते. खरी अडचण मात्र व्होल्टेजची. संध्याकाळी वाडीत दिवे मिणमिणायला लागले की कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि बंद पडतो. स्टॅबिलायझरशिवाय पेटी घेऊच नका. लाईट जाऊन आली तर लगेच बटण दाबू नका, पाच मिनिटं जाऊ द्या. घरचा इन्व्हर्टर हा भार ओढत नाही. पावसाळ्यात जनरेटर सांगून ठेवा. लाईट नसताना झाकण बंद राहिलं तर गारवा बराच वेळ टिकतो.

सगळ्यात मोठी तक्रार काचेची. कोकणच्या दमट हवेत गार काचेवर बाहेरून दव धरतं आणि चेहराच दिसेनासा होतो. टेबलफॅनचा झोत काचेवर सोडला की बरंच निवळतं. आतून धुकं आलं तर समजा, झाकण फार वेळा उघडलं गेलंय. आतली फुलंही ओल धरतात, ती बाहेर ठेवा. डोक्याकडचा भाग वेगळा उघडणारी पेटी मिळाली तर तीच मागा: कपाळावर हात ठेवायला सगळी पेटी उघडावी लागत नाही. दोन तासांनी एकदा, पाच मिनिटं, एवढं पुरे. मुलांना आधी सांगा की हात गार आणि ताठ लागेल.

काही पेट्यांवर ॐचं स्टिकर असतं, एखाद्याबरोबर भजनाचा स्पीकरही येतो. स्पीकर परत पाठवा, स्टिकरवर पांढरं कापड टाका. फक्त ते जाळीवर येऊ देऊ नका.

सकाळी देह बाहेर काढल्यावर पाचेक मिनिटांत कपाळावर, पापण्यांच्या कडेला थेंब जमतात. कुणीतरी म्हणतंच, "डोळ्यांत पाणी आलं, लेकासाठी जीव अडकला होता." गार त्वचेवर दमट हवा लागली की असं होतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर होतं तसंच. हे ठाऊक असलेल्याच्याही पोटात त्या क्षणी धस्स होतं. सुती रुमाल जवळ ठेवा आणि पुसायचं काम रात्रीच एकाला नेमून द्या, शक्यतो रेल्वेने आलेल्याला. थेंब पुन्हा येतात. अंग कोमट होईपर्यंत तीन-चारदा पुसावं लागतं.