चालताना पोटरी धरते: स्टेंट टाकायचा, गोळी घ्यायची की चालतच राहायचं?

ठराविक अंतर चाललं की पोटरी भरून येते. पाय जड पडतो, मग आवळल्यासारखी कळ येते आणि थांबावंच लागतं. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून माणूस मोबाईल काढून काहीतरी बघत उभा राहतो. दोन-चार मिनिटांत कळ ओसरते. पुन्हा साधारण तेवढंच अंतर, पुन्हा तीच कळ. पायाच्या धमन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्याची ही सगळ्यात ओळखीची खूण. चालताना पोटरीच्या स्नायूला बसल्यावेळेपेक्षा कितीतरी पट जास्त रक्त लागतं. अरुंद धमनीला ते पुरवता येत नाही.

निदान झालं की पर्याय समोर येतात: अँजिओप्लास्टी करून स्टेंट, सिलोस्टॅझोल नावाची गोळी, नाहीतर देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम. बहुतेकांचा ओढा पहिल्या पर्यायाकडे असतो. नळी तुंबली तर नळी साफ करा, इतकं ते सरळ वाटतं. पण चालण्याचं काम नळी करत नाही, स्नायू करतो, आणि वर्षानुवर्षं कमी रक्तावर राहिलेला स्नायू स्वतःही बिघडलेला असतो. म्हणून माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी सुरुवात व्यायामाने करावी. कुणी करू नये, तेही पुढे येईलच.

आधी दुखणं नक्की धमनीचंच आहे ना?

साठीनंतर पाय दुखायला कारणं कमी नसतात. कमरेच्या मणक्यात नस दबली तरी चालताना पाय भरून येतात. फरक थांबल्यावर कळतो. धमनीचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी जातं. मणक्याच्या दुखण्यात उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस ट्रॉली ढकलत, किंचित वाकून बराच वेळ चालू शकतो. रात्री झोपेत पोटरीत येणारा पेटका हे आणखी तिसरंच प्रकरण.

खात्रीसाठी एबीआय तपासणी असते: घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. गुणोत्तर ०.९० किंवा त्याखाली असलं तर धमनीचा आजार धरतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर धमन्या कॅल्शियममुळे कडक होतात आणि आकडा खोटाच मोठा येतो. १.४० च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजून घ्या. विश्रांतीत आकडा ठीक पण लक्षणं पक्की, असं असेल तर ट्रेडमिलवर चालवून लगेच पुन्हा मोजतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पडून असतानाही पाऊल ठणकतंय, जखम भरत नाही, बोट काळं पडतंय, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे रक्तप्रवाह सुरू करणं हाच उपचार, तोही लवकर. पाय एकाएकी गार, पांढरा आणि बधिर झाला तर तासांचा हिशोब असतो, थेट इमर्जन्सीत जायचं.

स्टेंट आणि व्यायाम समोरासमोर

या दोघांची थेट लढत अमेरिकेतल्या ‘क्लेव्हर’ चाचणीत झाली. तिचे पहिले निष्कर्ष २०१२ मध्ये आले. रुग्ण १११. सगळ्यांचा अडथळा पोटातल्या महाधमनीत किंवा तिथून पायाकडे निघणाऱ्या धमनीत, म्हणजे स्टेंट जिथे सगळ्यात चांगला चालतो त्याच जागी होता. एका गटाला औषधं आणि घरी चालण्याचा सल्ला, दुसऱ्याला त्यावर स्टेंट, तिसऱ्याला त्यावर देखरेखीखाली व्यायाम. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर जास्तीत जास्त चालण्याचा वेळ औषधांच्या गटात सरासरी १.२ मिनिटांनी वाढला, स्टेंटच्या गटात ३.७ आणि व्यायामाच्या गटात ५.८ मिनिटांनी. दीड वर्षाने हेच आकडे ०.२, ३.२ आणि ५.० होते. तोवर स्टेंट आणि व्यायाम यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उरला नव्हता. पण औषधांच्या गटापेक्षा दोघंही पुढेच होते.

आता दुसरी बाजू. याच चाचणीत ‘आयुष्य किती सुसह्य झालं’ असं रुग्णांना विचारलं, तेव्हा स्टेंटवाल्यांनी जास्त चांगली उत्तरं दिली. शिवाय व्यायामाचा गट महिनोन्महिने ट्रेडमिलवरच सराव करत होता आणि परीक्षाही ट्रेडमिलवरच झाली, हे विसरून चालणार नाही. तरीसुद्धा जे चित्र उरतं ते बोलकं आहे. धमनी मोकळी न करता माणसं इतकी पुढे कशी गेली?

उत्तर स्नायूत आहे. अशा रुग्णांच्या पोटरीच्या बायोप्सी घेतल्या तर मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, नीट काम करत नसलेली दिसतात. स्नायूतंतू बारीक झालेले असतात, मध्ये चरबी आणि तंतुमय ऊती शिरलेल्या असतात. रक्त अडणं आणि परत येणं हे चक्र प्रत्येक फेरीत होत राहतं, त्यातून पेशींवर ऑक्सिडेशनचा मारा होतो. व्यायामाने एबीआय फारसा हलत नाही. धमनीला बायपाससारखे नवे मोठे फाटे फुटतात हा लाडका समजही माणसांच्या बाबतीत फारसा सिद्ध झालेला नाही. सुधारतं ते खालचं: केशिका, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, वाढतात, रक्तवाहिनीचं अस्तर सैलावायला शिकतं, आलेल्या रक्तातून स्नायू जास्त ऑक्सिजन काढून घेतो, आणि चालच कमी खर्चाची होते. स्टेंट मात्र वरून रक्त सोडतो, तेही त्याच दिवसापासून. बिघडलेला स्नायू त्याने आपोआप तंदुरुस्त होत नाही.

स्टेंटचं यश जागेवरही अवलंबून आहे. ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत तो वर्षानुवर्षं टिकतो. मांडीतल्या लांब अडथळ्यांत पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत, नुसत्या चालतानाच्या दुखण्यासाठी, तो टाकण्याला पुराव्याचा आधार फारच तोकडा आहे. टोचलेल्या जागी रक्त साचणं, धमनी दिसावी म्हणून सोडलेल्या डायचा मूत्रपिंडावर ताण, स्टेंटमध्ये गुठळी हे धोके नेहमीचे.

एक वाक्य तुम्हाला ऐकवलं जाऊ शकतं: ‘आत्ता केलं नाही तर पुढे पाय कापावा लागेल.’ पाय गमावण्याची भीती खरी असते, म्हणूनच हे वाक्य लगेच पटतं. पण चालतानाच दुखणाऱ्या रुग्णांपैकी ७० ते ८० टक्क्यांचं दुखणं पाच वर्षांत जवळपास आहे तसंच राहतं. पाय धोक्यात येण्याइतकी मजल १ ते २ टक्क्यांत जाते. पुढे आजार वाढू नये एवढ्याच कारणासाठी प्रक्रिया करू नये, असं अमेरिकन हृदयरोग संघटनांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. खरा धोका वर आहे. याच पाच वर्षांत सुमारे २० टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो. त्यामुळे धूम्रपान बंद, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, रक्ताची गुठळी टाळणारी गोळी, साखर आणि रक्तदाब ताब्यात, हे सगळं कोणताही पर्याय निवडला तरी करायचंच. त्यात निवड नाही.

व्यायाम म्हणजे नेमका कोणता

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘थोडं चालत जा’ हा सल्ला म्हणजे व्यायाम नव्हे. देखरेखीखालच्या कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा, किमान १२ आठवडे, ट्रेडमिलवर चालवतात. वेग आणि चढ असा लावतात की तीन ते पाच मिनिटांत कळ सुरू व्हावी. कळ मध्यम ते बऱ्यापैकी तीव्र झाली की थांबायचं, बसायचं, पूर्ण ओसरू द्यायची, आणि परत चढायचं. थांबणं-चालणं मिळून ३० ते ४५ मिनिटं. सलग आठ-दहा मिनिटं जमायला लागलं की चढ वाढवतात. सुरुवातीच्या दिवसांत हे कंटाळवाणं आणि खरोखर दुखरं असतं.

मग दुखेपर्यंत चालायलाच हवं का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ चाचणीत ३०५ रुग्ण होते. घरच्या घरी, फोनवरून मार्गदर्शन घेत, एक गट न दुखेल अशा आरामाच्या वेगाने चालला, दुसरा कळ येईल अशा वेगाने. वर्षभराने सहा मिनिटांत कापलेलं अंतर दुखेपर्यंत चालणाऱ्यांत सरासरी ३४.५ मीटरने वाढलं. आरामात चालणाऱ्यांत ते ६.४ मीटरने घटलं. काहीच व्यायाम न दिलेल्या गटात १५.१ मीटरची घट होती. म्हणजे वर्षभर नेमाने चालूनही आरामाच्या गटाचं अंतर वाढलं नाही. पोटरीतली ही कळ इजा नव्हे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. (छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, तर मात्र तिथेच थांबायचं. सुरुवातीआधी हृदयाची तपासणी याचसाठी.)

घरचा व्यायाम आणि केंद्रातला व्यायाम यांची कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये तुलना केली. तीन महिन्यांनी देखरेखीखालचा गट घरी ठरवून दिलेला कार्यक्रम करणाऱ्यांपेक्षा सुमारे १२० मीटर आणि नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा सुमारे २१० मीटर जास्त चालू लागला. अडचण एवढीच की असे कार्यक्रम सगळीकडे मिळत नाहीत, आणि आठवड्यातून तीनदा जाणं प्रत्येकाला झेपत नाही. तसं असेल तर घरचा कार्यक्रम हा दुसरा क्रमांक, पण त्याला माणसाची साथ हवी. २०१३ च्या एका चाचणीत आठवड्यातून एकदा गटात भेटून, लक्ष्य ठरवून घरी चालणाऱ्यांचं सहा मिनिटांतलं अंतर ४२ मीटरने वाढलं होतं. याउलट मनगटावरचं यंत्र आणि फोनवरचा सल्ला एवढ्यावरच भिस्त ठेवलेली २०१८ ची चाचणी फसली. घड्याळ पावलं मोजतं, ते काही कळ येईपर्यंत चालायला लावत नाही.

जिममध्ये पायांचे स्नायू कमावले तर? २००९ च्या १५६ रुग्णांच्या चाचणीत वजनाच्या व्यायामाने जिने चढणं सुधारलं, पण सहा मिनिटांतलं अंतर फारसं बदललं नाही. ट्रेडमिलने ते बदललं. म्हणून वजनं जोडीला ठेवा, बदली म्हणून नको. गुडघे गेलेत, तोल जातो, चालणं शक्यच नाही, अशांसाठी हाताने फिरवायची सायकल आहे. हातांचा व्यायाम करून पायांचं चालण्याचं अंतर वाढतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण चाचण्यांत दिसलं आहे.

गोळीचं काय

सिलोस्टॅझोल १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चालण्याचं अंतर ती वाढवते, पण माफक. डोकेदुखी, जुलाब, धडधड यांमुळे बरेच जण सोडून देतात. हृदय निकामी होण्याचा आजार, अगदी सौम्य असला तरी, असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही, आणि डॉक्टरांना ते आपणहून सांगायचं. तीन महिन्यांत फरक जाणवला नाही तर बंद करण्याबद्दल बोला. पेंटॉक्सिफिलिन या दुसऱ्या गोळीवर माझा भरवसा नाही, मार्गदर्शक सूचनांचाही नाही. बी-कॉम्प्लेक्स आणि ‘धमन्या साफ करणारं’ म्हणून शिरेतून दिलं जाणारं चिलेशन यावर वेळ घालवू नये.

मग कुणी काय निवडावं

चालताना पोटरी दुखते, बाकी दिनक्रम चालतो आणि आठवड्यातले तीन दिवस काढता येतात: देखरेखीखालचा व्यायाम, दुसरा विचार नको. केंद्र लांब आहे: घरी, पण कुणाच्या तरी पाठपुराव्यासह.

काम उभ्याचं किंवा चालण्याचं आहे, रोजगारच अडकलाय आणि अडथळा ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत आहे: इथे स्टेंट आधी घेणं मला रास्त वाटतं. तीन महिने थांबायची चैन प्रत्येकाला परवडत नाही. मात्र त्यानंतर व्यायाम सोडू नये. नेदरलँड्समधल्या २१२ रुग्णांच्या ‘इरेज’ चाचणीत, २०१५ मध्ये, फक्त व्यायाम करणाऱ्यांचं कमाल अंतर वर्षात सरासरी ९५५ मीटरने वाढलं, अँजिओप्लास्टी करून व्यायाम करणाऱ्यांचं १,२३७ मीटरने. जोडी सरस ठरली. आणि नुसत्या व्यायामाचा आकडाही काही कमी नाही.

अडथळा मांडीत किंवा गुडघ्याखाली असेल तर व्यायामाला पूर्ण १२ आठवडे द्या. सुरुवातीलाच सहा मिनिटांत किती मीटर होतात आणि कळ कितव्या मिनिटाला येते ते लिहून ठेवा, शेवटी पुन्हा मोजा. नेमाने करूनही आकडे जागचे हलले नाहीत आणि दुखण्यामुळे रोजची कामं अडतच असतील, तर ती वही घेऊन व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे जा. पहिला प्रश्न हा विचारा: माझा अडथळा कुठे आहे, किती लांब आहे, आणि त्या जागचा स्टेंट साधारण किती वर्षं उघडा राहतो?