पोस्टी वाचून स्वभाव सांगणारी ऑनलाइन सर्व्हिस: आमच्या मास्तरवर चालवून बघितली

बेळगावच्या टिळकवाडीत आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, सौहार्द सोसायट्यांसाठी (कर्नाटकातल्या सहकारी पतसंस्था) पिग्मी कलेक्शनचं, म्हणजे एजंट रोज गोळा करतो त्या छोट्या ठेवींचं ॲप, हिशेबाचं सॉफ्टवेअर असली कामं करतो. दोन नवीन पोरं घ्यायची होती, तेव्हा कुणीतरी ही सर्व्हिस सुचवली. उमेदवाराचं प्रोफाइल जोडायचं, ती पोस्टी वाचते आणि स्वभावाचा रिपोर्ट देते. नाव लिहीत नाही, कारण अशा पुष्कळ आहेत आणि आतलं इंजिन कमीजास्त सारखंच वाटलं. महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं पण परक्या पोरांवर चालवायच्या आधी म्हटलं घरचाच माणूस घालून बघू.

घरचा माणूस म्हणजे आमचा मास्तर. मास्तर हे टोपणनाव, शिकवायची खोड आहे म्हणून. दिवसा पिग्मीचं ॲप लिहितो आणि रात्री इंग्लिशमध्ये लांबच्या लांब पोस्टी टाकतो, प्रोग्रॅमिंगमागच्या थिअरीवर, लॅम्ब्डा कॅल्क्युलस, हॅस्केल भाषा, करी-हॉवर्ड, म्हणजे टाइप (प्रोग्रॅममधल्या माहितीचा प्रकार) हेच विधान आणि प्रोग्रॅम हाच त्याचा पुरावा वगैरे. गो ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत जेनरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या टाइपना चालवायची सोय) यायला २०२२ का उजाडावं लागलं यावर त्यानं एवढं लिहिलंय की वाचता वाचता चहा गार होतो. कुठं नल पॉइंटरचा (कशाकडंच बोट न दाखवणाऱ्या संदर्भाचा) एरर दिसला की टोनी होअर ह्या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाची आठवण काढणार, त्यानंच १९६५ मध्ये नल रेफरन्स आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मास्तरला विचारलं, तुझ्यावर चालवू का, तर म्हणाला चालव की, मलापण बघायचंय.

रिपोर्ट दिसायला झकास आहे, पाच पट्ट्या, रंगीत. नव्या कल्पनांची ओढ, शिस्त, माणसांत मिसळणं, जुळवून घेणं, मनाची चलबिचल. मानसशास्त्रातलं जे पाच घटकांचं मॉडेल आहे तेच, त्यामुळं इथपर्यंत तक्रार नाही, राशीभविष्यापेक्षा पुष्कळ बरं. मास्तरची पहिली पट्टी टोकाला गेलेली, तिसरी आणि चौथी तळाला. खाली वाक्य, हा माणूस एकटा राहणं पसंत करतो, गर्दी टाळतो, टीमपेक्षा विचारात रमतो.

ऑफिसात हशा पिकला. शिवजयंतीच्या चित्ररथाला जनरेटर कुठून आणायचा इथपासून कपिलेश्वर तलावावर विसर्जनाला कोण कुठं थांबणार इथपर्यंत सगळं ठरवणारा माणूस हा, गल्लीतली निम्मी माणसं त्याला फोन करून विचारतात. पण ते सगळं तो मराठीत लिहितो, आणि ह्या सर्व्हिसनं मराठी पोस्टी बाजूलाच काढून ठेवलेल्या. रिपोर्टच्या अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, काही मजकूर तपासला नाही म्हणून. आपल्याकडं माणूस घरी एक भाषा बोलतो, बाजारात कन्नड, ऑफिसात इंग्लिश, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा असतो, त्यातला एकच तुकडा घेऊन पूर्ण माणसाचं सर्टिफिकेट द्यायचं म्हणजे कायबी.

मग मास्तरनंच त्याच्या मराठी पोस्टी इंग्लिशमध्ये करून दिल्या, दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकल्यावर लिहिलेले विनोद, मंडळाचे निरोप, पावसात लाइट गेल्यावरच्या शिव्या (त्या सौम्य करून). त्या वेगळ्या घातल्या तर तिसरी पट्टी चक्क वर चढली. माणूस तोच, वर्ष तेच. इंग्लिश पोस्टींत ‘मी’ जवळपास नाहीच, सगळं ‘लक्षात घ्या’ आणि ‘साहजिकच’ चाललेलं, मराठीत मात्र पानोपानी ‘आपण’ आणि ‘आपलं’. जेम्स पेनेबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं काम ह्याच बारीक शब्दांवर आहे, मी, आम्ही, पण, तर असले शब्द माणूस किती वापरतो त्यावरून बरंच कळतं असं. ते खोटं नाही. पण थिअरीची पोस्ट हा एक लिहायचा प्रकार आहे, त्यात ‘मी’ घालायची रीतच नाही, मग यंत्रानं मास्तरचा स्वभाव मोजला की त्या प्रकाराचा?

जाहिरातीत सगळ्यात वर लिहिलंय की कॉम्प्युटर तुम्हाला जोडीदारापेक्षा जास्त ओळखतो. ह्याच्यामागं खरा अभ्यास आहे, २०१५ चा, यूयू वू, कोसिन्स्की आणि स्टिलवेल यांचा, ८६,२२० लोकांवर केलेला. पण तो फेसबुकच्या लाइक्सवर होता, पोस्टींवर नव्हे! आणि जोडीदाराच्या बरोबरीला यायलासुद्धा शेकडो लाइक्स लागत होते. शिवाय अचूक म्हणजे काय, तर माणसानं स्वतः प्रश्नावलीत स्वतःबद्दल जे भरलं त्याच्याशी जुळणं. म्हणजे हे यंत्र अगदी बरोबर निघालं तरी आपण स्वतःबद्दल जे सांगितलं असतं तेच सांगणार, मग समोर बसवून विचारलेलं काय वाईट?

अजून एक गंमत केली. मास्तरच्या रिपोर्टमधला गोड परिच्छेद, ‘तुमच्यात न वापरलेली क्षमता आहे, वरून शांत पण आत शंका असतात’ असला, नाव काढून बाकीच्यांना एकेकट्याला दाखवला आणि हा तुझा म्हणून सांगितलं. अकाउंट्सवाल्या ताईंपासून सगळे म्हणाले, अगदी बरोबर. बर्ट्राम फोरर ह्या मानसशास्त्रज्ञानं हाच खेळ आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर केला होता, १९४९ मध्ये छापलाय, सगळ्यांना एकच मजकूर दिला आणि सरासरी ५ पैकी ४.२६ गुण पडले. पैसे घेऊन तोच खेळ अजून चालू आहे.

आता जे बरोबर आलं ते पण लिहिलं पाहिजे. चौथी पट्टी, जुळवून घेणं, दोन्ही भाषांत तळालाच राहिली. रिपोर्ट दाखवल्यावर मास्तर लगेच म्हणाला, हे तत्त्वतःच शक्य नाही, राइस ह्या गणितज्ञानं १९५३ मध्ये सिद्ध केलंय, कुठल्याही प्रोग्रॅमचा कोड बघून तो काय करेल हे हमखास सांगणारी एकच रीत असू शकत नाही, मग माणसाचं काय घेऊन बसलाय. मी म्हटलं, अरे हमखास कोण मागायलाय, अंदाज चालतो की. त्यावर अर्धा तास ऐकवलं. ती पट्टी मी मान्य केली.

पण ज्यासाठी घेतलं ते ह्यात कुठंच नाही. मास्तरनं पिग्मीच्या ॲपमध्ये मुद्दल आणि व्याज यांचे टाइप वेगळे केलेत, एक दुसऱ्यात मिसळायला गेलं तर कोड कम्पाइलच होत नाही, म्हणजे चालवायच्या आधीच अडतो, त्यामुळं एजंटाच्या हिशेबात ती गडबड होतच नाही. रात्रीच्या थिअरीचा दिवसा झालेला हा उपयोग, आणि माणूस घेताना मला हेच बघायचं असतं. हे त्याच्या पोस्टींत नाही, कोडमध्ये आहे.

उमेदवारांवर मी ही सर्व्हिस वापरली नाही. लोकांनी स्वतः उघड केलेली माहिती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवलीय, म्हणजे कायद्यानं बहुतेक कुणी हात धरणार नाही, पण पोराला न विचारता असला रिपोर्ट काढून फाइलीला लावणं बरं वाटत नाही. सपोर्टला विचारलं की मराठी, कन्नड कधी घेणार, तर ‘तुमचा अभिप्राय मोलाचा आहे’ एवढंच आलं. स्वतःची गंमत म्हणून एकदा बघायला ठीक, नोकरीच्या निर्णयाला अजिबात घेऊ नका. पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक त्या चौथ्या पट्टीचा. आणि घेतलीच तर ऑटो-रिन्यू आधीच चालू असतं, बंद करायचं बटण सेटिंगमध्ये नाही, बिलिंगच्या पानावर अगदी खाली आहे.