रेंज लेड म्हणून जस्ताची भेसळ गळ्यात मारली, वजनाला 300 पाउंड

हे लिहायला दोन महिने लागले कारण नुसतं आठवलं तरी अजून राग येतो. पण आपल्यातले बरेच जण इथे अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जायला लागलेत, त्यातल्या दोघातिघांनी मला घरी गोळ्या कशा ओततोस म्हणून विचारलंय आणि शिसं कुठून आणायचं हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, म्हणून झालं ते सगळं सांगतो.

आधी एक सांगून ठेवतो. मी ओहायोत राहतो, इथे स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या बनवायला लायसन्स लागत नाही, विकायच्या असतील तर लागतं. भारतात हे मनातसुद्धा आणू नका, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना दारूगोळा बनवणं सरळ गुन्हा आहे.

रेंज लेड म्हणजे रेंजवर झाडलेल्या गोळ्या मागच्या मातीच्या बांधात घुसून बसतात ते शिसं. आमच्या क्लबात वर्षातून दोनदा बांध चाळायला मेंबरना परवानगी मिळते. फावडं, चाळणी, बादली घेऊन सकाळी जायचं, संध्याकाळपर्यंत कंबर मोडते आणि हातात येतं ते माती, दगड, रबर, तांब्याची सालं आणि मधेमधे शिसं. एखादं न उडालेलं काडतूससुद्धा त्यात सापडतं, ते वितळताना भांड्यात गेलं तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून एकेक तुकडा हाताखालून घालावा लागतो. मग सगळं कोरडं करायचं, थंड भांड्यात भरायचं आणि मग गॅस लावायचा. तापलेल्या शिशात ओला तुकडा पडला तर क्षणात वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. शिसं वितळलं की तांब्याची सालं आणि कचरा वर तरंगतो, तो झाऱ्याने काढायचा, मग मेणबत्तीचा तुकडा आणि लाकडाचा भुसा टाकून ढवळायचं, म्हणजे मळी सुटून वर येते आणि खाली आरशासारखं शिसं दिसतं. कल्हईवाला नवसागर टाकून भांडं फिरवायचा ना, तेव्हा जसं एकदम लख्ख व्हायचं तसं वाटतं बघा. मला या सगळ्याचा नाद लागला तो त्या लखलखीतपणामुळेच.

असं दोन वर्षं करून मी 110 पाउंड चांगलं शिसं जमवलं होतं. धातू किती कडक ते सांगणाऱ्या ब्रिनेल मापात शुद्ध शिशाची कडकी 5 च्या आसपास असते, माझं 9-10 भरायचं, म्हणजे शिसं कडक करणारा अँटिमनी धातू थोडा त्यात होता. माझ्या 38 स्पेशल काडतुसांच्या हळू जाणाऱ्या गोळ्यांना एकदम झकास. पण आठवड्याला शंभर-दीडशे गोळ्या लागतात, त्यात गेल्या वर्षी पावसामुळे बांध चाळायचा दिवस रद्द झाला आणि मी विकतचं शिसं बघायला लागलो.

जुन्या वस्तू विकतात त्या साइटवर जाहिरात होती, निळ्या बादल्यांमधे मफिनच्या साच्यात ओतलेल्या लगडी, एकेक साधारण 2 पाउंडची, वर लिहिलेलं की बंद पडलेल्या इनडोअर रेंजचं शिसं आहे, साफ केलेलं, 1 डॉलर 60 सेंट पाउंड. पोस्टाने मागवायचं तर भाव याहून जास्त. माणूस माझ्यापासून दीड तासावर होता. आधी 20 पाउंड सँपल म्हणून घेतलं. ते घरी वितळवलं, गोळ्या ओतल्या, अप्रतिम आल्या. तळ धारदार, कडा भरलेल्या, वजन एकसारखं. मी खूश, फोन करून सांगितलं उरलेलं सगळं मला दे.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्याने बादल्या आधीच भरून, वजन करून ठेवल्या होत्या. वरच्या लगडी सँपलसारख्याच होत्या. मी खाली हात घालून दोन काढल्या तर त्यांचा वरचा भाग खरबरीत, पांढुरका, स्फटिक असल्यासारखा. मी विचारलं हे असं का. तो शांतपणे म्हणाला, याच्यात अँटिमनी जास्त आहे, तुला फायदाच आहे, कडक गोळी मिळेल. आता अँटिमनी असलं की शिसं असं भुरकट दिसतं हे खरंच आहे हो, मी वाचलेलं होतं, म्हणून मला पटलं. ज्याला माहिती आहे त्याला फसवायचं तर अर्धं खरंच सांगावं लागतं, आणि ते त्याला बरोबर जमत होतं. 480 डॉलर मी फोनवरच्या ॲपने पाठवले, त्याने कॅश किंवा हेच ॲप एवढंच चालेल म्हटलं होतं.

आणि आता माझी सगळ्यात मोठी चूक. सगळं शिसं एकसारखं असलं की दर वेळी गोळीचं वजन तेच येतं, म्हणून मी मोठ्या भांड्यात त्याच्यातलं 100 पाउंड आणि माझं बांधातलं 110 पाउंड एकत्र वितळवलं. त्याचं वेगळं वितळवून बघितलंच नाही, सँपल चांगलं निघालं होतं ना!

वर दलियासारखी जाड साय आली. काढली, परत आली. भुसा टाकला, मेण टाकलं, परत तीच साय. लगडी केल्या, त्यातलं थोडं छोट्या भट्टीत घेऊन गोळ्या ओतायला बसलो तर एकही धड येईना. साचा भरायचाच नाही, गोळीवर सुरकुत्या, तळाच्या कडा गोल. मला वाटलं साचा गार आहे, म्हणून भट्टी वाढवली, 700 फॅरनहाइटवरून 800 च्या वर नेली, तरी तेच. चार तास गॅरेजमधे त्या मळीशी झगडत होतो.

क्लबात एक म्हातारे गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं गोळ्या ओततात. त्यांना एक गोळी आणि थोडी ती साय डबीत घालून दाखवली. त्यांनी नखाने खरवडून बघितली आणि एकच शब्द म्हणाले, झिंक.

जस्त. मला घरी येताना गाडीत आजोबा आठवले. ते सांगलीत छापखान्यात कंपॉझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. झिजलेले खिळे परत वितळवायला एका टोपलीत टाकायचे, आणि चित्रांचे ब्लॉक जस्ताचे असायचे ते त्या टोपलीच्या आसपाससुद्धा कोणाला ठेवू द्यायचे नाहीत. लहानपणी मी एकदा खेळताना एक छोटा ब्लॉक टोपलीत टाकला तर खूप ओरडले होते, अख्खा घाणा वाया जाईल म्हणाले होते. खिळे म्हणजे तरी काय, शिसं, अँटिमनी आणि कथील, माझ्या गोळ्यांचंच भावंड. इतकं घरातलं ज्ञान असून मी तेच केलं याचं मला पैशापेक्षा जास्त लागलं.

हे जस्त येतं कुठून तर टायर बॅलन्स करायला चाकाला वजनं लावतात त्यातून. पूर्वी ती शिशाची असायची आणि गोळ्या ओतणाऱ्यांना ती हवीच असायची. मग युरोपात 2005 मधे आणि कॅलिफोर्नियात 2010 पासून शिशाच्या वजनांवर बंदी आली, अजून काही राज्यांनीही घातली, आता टायरवाल्याच्या बादलीत जस्ताची आणि लोखंडाची वजनं भरपूर असतात. लोखंड तरंगतं, सहज काढता येतं. जस्त 787 फॅरनहाइटला वितळतं, शिसं 621 ला, म्हणजे आच कमी ठेवून लक्ष दिलं तर तरंगणारी जस्ताची वजनं वरच्यावर उचलता येतात. पण कोणी न निवडता सगळं एकत्र कडक आचेवर ठेवलं की जस्त शिशात जातं आणि ते साध्या भट्टीत परत काढणं फार कठीण. असा माल चाकाची वजनं म्हणून विकायला गेलं तर जाणकार लगेच संशय घेतात. रेंज लेड म्हटलं की कोणी जस्ताचा विचारच करत नाही, कारण गोळ्यांत जस्त कुठून येणार. म्हणून ते नाव दिलं होतं, आणि वरचा थर आणि सँपल खऱ्या रेंज लेडचं.

खात्री करायला मी भंगारच्या यार्डात गेलो. त्यांच्याकडे धातू ओळखायची एक्सरे गन असते, विनंती केली तर दोन-चार तुकडे बघून देतात. खालच्या लगडींमधे जस्त 3 टक्क्यांच्या वर निघालं. वरच्यांमधे शून्य.

फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला तुझी भट्टी खराब असेल, दुसऱ्यांदा उचलला नाही, तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक. बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली पण हा सिव्हिल मामला आहे म्हणाले. एकूण 210 पाउंड नासलं, त्यात माझं स्वतः चाळलेलं 110. उरलेल्या 200 पाउंडातल्या वरच्या थराच्या 30-35 पाउंड लगडी तेवढ्या वापरता आल्या. बाकी सगळं यार्डात जस्त आहे असं सांगूनच दिलं, पाउंडाला 30 सेंट मिळाले. मलाही कोणाच्या तरी गळ्यात मारता आलं असतं, पण ते करवलं नाही.

बायको म्हणाली, अहो पैसे गेले ते गेले, आधी रक्त तपासा, त्या राखेत चार तास बसला होतात. तिचं बरोबर होतं. मळीची बारीक धूळ हाताला, कपड्याला लागून घरात येते आणि आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. लहान मुलांसाठी शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित धरत नाहीत. माझं डेसिलिटरला 7 मायक्रोग्रॅम आलं, मुलाचं 1 च्या खाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आता गॅरेजचे कपडे, बूट वेगळे, मळी झाकणाच्या डब्यात, आणि आत येण्याआधी अंघोळ.

शिसं घेताना आता मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक बादली विकणाऱ्यासमोर जमिनीवर उलटी करतो, त्याला आवडो न आवडो. तळातल्या लगडी घेतो, काँक्रीटवर टाकून आवाज ऐकतो, मऊ शिसं धप्प पडतं आणि जस्त टणटणतं, पण कडक शिसंही थोडं वाजतं म्हणून एवढ्यावर विसंबत नाही. खरबरीत भागावर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं त्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब, उघड्यावर आणि गॉगल घालून, जस्त बऱ्यापैकी असेल तर बुडबुडे येतात. वजन आणि घनता मोजून भेसळ कळेल असं वाटतं पण अँटिमनीही शिशापेक्षा बरंच हलकं आहे, त्यामुळे शुद्ध शिशापेक्षा थोडा कमी, म्हणजे 11.1 आकडा आला तर तो चांगल्या कडक शिशाचा आहे की जस्ताचा ते समजत नाही. आणि घरी आणल्यावर प्रत्येक बादलीतलं थोडं थोडं छोट्या भांड्यात वेगळं वितळवून दहा गोळ्या ओतल्याशिवाय माझ्या चांगल्या शिशाजवळ जाऊ देत नाही. यार्ड जवळ असेल तर आधी तिथे दाखवून घ्या, माझी तिथे दहा मिनिटं गेली.

मागच्या रविवारी तीच जाहिरात परत दिसली, गाव वेगळं, भाव 1 डॉलर 50. निळ्या बादल्या, मफिनच्या लगडी, फोटोत मागे तीच हिरवी भिंत. मी साइटला कळवलंय, अजून काढलेली नाही. कोलंबस किंवा डेटनच्या बाजूला कोणी असाल आणि असा फोटो दिसला तर तळाची लगड बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.